अमेरिकेतला सगळ्यात भारी डिफेंडर ठरला, पण ८ वर्षांत खेळला फक्त ५० मॅच

१२ सप्टेंबर २०१०. ह्युस्टनमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या नव्या सीझनची सुरुवात होती. इंडियानापोलिस कोल्ट्सची टीम पाहुणी म्हणून आली होती आणि तिच्या फॅन्सचं लक्ष २१ नंबरच्या जर्सीकडे होतं. आधीच्या दोन सीझनमध्ये हा माणूस जेमतेम दिसला होता. यावेळी तो फिट होता, सरावात पळत होता आणि पहिल्या मॅचला मैदानात उतरला होता.

पण मॅच अर्ध्यावर यायच्या आतच तो हात धरून बाहेर आला. बायसेप्सचा टेंडन फाटला होता. आधीच्या सीझनमध्येही बायसेप्सच गेला होता. त्या दिवशी ह्युस्टनच्या एरियन फॉस्टरनं एकट्यानं बॉल घेऊन २३१ यार्ड धाव काढली. कोल्ट्सला तो थांबलाच नाही. आणि २१ नंबरवाला त्या सीझनमध्ये परत खेळला नाही. पुढे कोल्ट्सकडून तर कधीच नाही.

या माणसाचं नाव बॉब सँडर्स. कागदोपत्री डेमंड सँडर्स, पण सगळे बॉबच म्हणतात.

आपल्याकडे एनएफएल म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, सुपर बोलचा हाफटाइम शो आणि टेलर स्विफ्टचा ट्रॅव्हिस केल्सी. माझीही सुरुवात तिथूनच झाली. सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे ५ च्या आसपास सुरू होतो. एकदा गाणी बघायला जागा राहिलो आणि खेळातच अडकलो. मग जुन्या क्लिप बघायची सवय लागली आणि त्यातच हा सँडर्स भेटला. बुटका, जाडजूड, आणि स्वतःच्या जिवाची अजिबात पर्वा नसल्यासारखा समोरच्यावर तुटून पडणारा.

क्लिप बघून झाल्यावर मी त्याचे आकडे बघायला गेलो आणि वाटलं की वेबसाइट गंडली असावी. इतका गाजलेला माणूस आणि मॅच किती, तर ५०?

आधी हा खेळतो काय, ते बघू

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल ज्यांच्याकडे असतो त्या टीमला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. बॉल फेकून पुढे न्या किंवा हातात घेऊन पळा. समोरच्या ११ जणांचं काम एकच, त्यांना थांबवा.

या ११ जणांत सगळ्यात पुढे धिप्पाड गडी असतात, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि सगळ्यात मागे, शेवटचा पहारा म्हणून, दोन 'सेफ्टी'. पुढचे सगळे चुकले तरी सेफ्टीनं चुकायचं नाही. तो चुकला की समोरच्याला मोकळं मैदान.

सँडर्स 'स्ट्राँग सेफ्टी' होता. म्हणजे उभा मागे राहायचं, पण समोरचा बॉल घेऊन पळतोय असं दिसलं की मागून सुसाट पुढे यायचं आणि त्याला आडवा करायचा. कबड्डीत रेडरला अंगानं डॅश मारून बाहेर फेकतात ना, तसं काहीसं. फरक इतकाच की इथे दोघांमध्ये दहा-पंधरा यार्डांचं अंतर असतं, दोघंही पूर्ण वेगात असतात आणि समोरच्याचं वजन १०० किलोच्या पुढे असतं.

सँडर्सची उंची होती ५ फूट ८ इंच आणि वजन साधारण ९३ किलो. आपल्या हिशोबानं ठीकठाक, पण त्या लीगमध्ये सेफ्टी सहा फुटांच्या आसपास असतात. आयोवा विद्यापीठाकडून कॉलेज फुटबॉल गाजवूनही २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर लागला ४४ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीत. एकतर उंची कमी. त्यात कॉलेजच्या शेवटच्या सीझनमध्ये पायाचं हाड दुखावलेलं. शंका घ्यायला ही दोन कारणं पुरेशी होती. पायाच्या त्याच दुखण्यामुळे त्याची एनएफएलमधली सुरुवातही उशिरा झाली. पहिल्या सीझनमध्ये १६ पैकी ६ मॅच.

मग २००५ मध्ये तो १४ मॅच खेळला. त्या सीझनमध्ये कोल्ट्सनं १६ पैकी १४ मॅच जिंकल्या आणि सँडर्सची निवड थेट ऑल-प्रो टीममध्ये झाली. ऑल-प्रो म्हणजे त्या वर्षी अख्ख्या लीगमधून निवडलेली सर्वोत्तम टीम.

कोल्ट्सचे कोच टोनी डंजी त्याला 'इरेझर' म्हणायचे. म्हणजे आपलं खोडरबर. बाकीच्यांनी केलेल्या चुका हा येऊन पुसून टाकतो, म्हणून. कौतुकाचं नाव आहे, पण खोडरबर वापरलं की झिजतं, हेही आपण शाळेत बघितलेलं असतं.

२००६, जेव्हा त्याची किंमत कळली

सँडर्सचं नेमकं वजन किती होतं हे समजून घ्यायला २००६ च्या सीझनइतकं चांगलं उदाहरण नाही. त्या वर्षी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नियमित सीझनमध्ये तो फक्त ४ मॅच खेळू शकला.

तो नसताना कोल्ट्सचं काय झालं? समोरच्या टीम त्यांच्याविरुद्ध अक्षरशः पळत सुटल्या. सीझनच्या शेवटी हिशोब झाला तेव्हा कोल्ट्सनं प्रत्येक मॅचमागे सरासरी १७३ यार्ड धावू दिले होते. ३२ टीममध्ये सगळ्यात वाईट. डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलनं तर एकाच मॅचमध्ये ३७५ यार्ड काढले. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक होता म्हणून टीम तरीही जिंकत होती आणि प्लेऑफला पोचली. पण अशा डिफेन्सवर सुपर बोल जिंकता येत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

प्लेऑफची पहिलीच मॅच कॅन्सस सिटीशी. त्यांच्याकडे लॅरी जॉन्सन होता, त्या सीझनमध्ये १७८९ यार्ड धावलेला. म्हणजे सगळ्यात दुबळ्या भिंतीवर सगळ्यात जड हातोडा.

आणि त्या मॅचला सँडर्स परतला.

जॉन्सनला ३२ यार्ड मिळाले. अख्ख्या कॅन्सस सिटीला मिळून ४४. पहिल्या हाफमध्ये त्यांना एकदाही १० यार्डांचा टप्पा गाठता आला नाही. पुढच्या तीन मॅचमध्ये बाल्टिमोर ८३, न्यू इंग्लंड ९३ आणि सुपर बोलमध्ये शिकागो १११. चार मॅचची सरासरी काढली तर ८३ च्याही आत. सीझनभर १७३ आणि मग अचानक निम्म्याहून कमी.

४ फेब्रुवारी २००७ ला मायामीच्या पावसात कोल्ट्सनं शिकागोला २९-१७ नं हरवलं. सँडर्सनं त्या मॅचमध्ये एकदा समोरच्याच्या हातातून बॉल पाडला आणि एकदा फेकलेला बॉल मध्येच पकडला.

आता सगळं श्रेय एकाच माणसाला द्यायचं का? नाही. रॉब मॉरिस नावाचा लाइनबॅकर सीझनच्या शेवटी सुरुवातीच्या ११ जणांत आला होता, त्यानंही फरक पडला. सीझनच्या मध्येच टॅम्पा बेकडून घेतलेला अँथनी मॅकफार्लंडही एव्हाना रुळला होता. पण ज्यांनी त्या मॅच बघितल्यात ते पहिलं नाव सँडर्सचंच घेतात. आणि त्यामागे खेळाच्या रचनेचं कारणही आहे. डंजींचा डिफेन्स अंगापिंडानं हलका पण वेगवान होता. पुढच्या फळीतले खेळाडू समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाण्यात पटाईत होते, पण त्या घाईत मध्ये फटी पडायच्या. त्या फटी बुजवायचं काम मागून येणाऱ्या स्ट्राँग सेफ्टीचं. सँडर्स असला की ही रचना पूर्ण व्हायची, नसला की तिला भोक पडायचं.

२००७ मध्ये तो १६ पैकी १५ मॅच खेळला. कोल्ट्सनं त्या सीझनमध्ये २६२ पॉइंट दिले, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी. सँडर्स वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. डिसेंबर २००७ मध्ये कोल्ट्सनं त्याच्याशी ५ वर्षांचा नवा करार केला, ३.७५ कोटी डॉलरचा. त्या वेळी इतके पैसे दुसऱ्या कुठल्याच सेफ्टीला मिळत नव्हते.

या करारानंतर नियमित सीझनमध्ये तो कोल्ट्सकडून किती मॅच खेळला असेल?

नऊ. २००८ मध्ये ६, २००९ मध्ये २, २०१० मध्ये १.

एकच माणूस परत परत का मोडतो?

इथे येऊन बहुतेक लोक एक शब्द वापरतात, 'नाजूक'. अमेरिकेत त्यासाठी काचेचा माणूस वगैरे टोमणे आहेत. आपल्याकडेही बुमराहची पाठ दुखली की कमेंटमध्ये काय काय येतं ते तुम्हाला माहितीये. पण सँडर्सच्या दुखापतींची यादी बघितली तर 'नाजूक' हा शब्द कुठेच बसत नाही. पाय, गुडघा, घोटा, परत गुडघा, बायसेप्स, परत बायसेप्स, परत गुडघा. सगळीकडे कारण तेच दिसतं, त्याची खेळायची पद्धत.

थोडं शाळेतलं विज्ञान. धडकेतली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. उंच आणि जड डिफेंडर थोडा हळू आला तरी वजनानं समोरच्याला थोपवू शकतो. सँडर्सकडे ती सोय नव्हती. १०५ किलोच्या गड्याला जागेवर आडवं करायचं तर त्याला वेग वाढवावाच लागायचा. आणि धडकेचा नियम असा की जितका जोर तुम्ही समोरच्याला देता तितकाच तुम्हाला परत मिळतो. समोरच्याला दिवसात वीसेक वेळा असा मार बसतो म्हणून आपण हळहळतो, पण देणाऱ्याच्या खात्यातही तेवढाच जमा होत असतो.

आता बायसेप्सचं बघा. दंडाच्या स्नायूचा टेंडन कोपराखाली हाडाला जोडलेला असतो. तो फाटतो कधी? हात वाकवून काहीतरी घट्ट धरलंय आणि त्याच वेळी उलट्या बाजूनं झटका बसून हात सरळ खेचला जातो तेव्हा. पळत्या माणसाला मिठी मारून थांबवताना नेमकं हेच होतं. आपण धरतो, तो पुढे झेपावतो आणि हात ओढला जातो. म्हणजे हा टेंडन ज्या हालचालीत फाटतो, ती हालचालच सँडर्सची नोकरी होती.

फाटलेला टेंडन शस्त्रक्रियेनं परत हाडाला बसवतात आणि जोमाच्या खेळात परतायला साधारण ४ ते ६ महिने लागतात. एनएफएलचा नियमित सीझन चारच महिन्यांचा. त्यात त्या काळी एखाद्याला 'इंजर्ड रिझर्व्ह' यादीत टाकलं की तो सीझनपुरता बाद, बरा झाला तरी परत नाही. परत यायची सवलत २०१२ पासून सुरू झाली. त्यामुळे एक टेंडन म्हणजे एक वर्ष, हा सरळ हिशोब होता.

आणि घोटा? २००८ च्या सुरुवातीला त्याचा घोटा दुखावला. पण नेहमीसारखा मुरगळलेला नाही. नडगीची दोन हाडं खाली जिथे बांधलेली असतात ती पट्टी ताणली गेली, ज्याला हाय अँकल स्प्रेन म्हणतात. साधा मुरगळलेला पाय आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो, हा महिनाभर आणि कधी त्याहून जास्त खातो. त्याच काळात गुडघ्यावरही परत उपचार करावे लागले.

क्रीडावैद्यकातली एक गोष्ट सगळ्या खेळांत पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. पुढची दुखापत कुणाला होणार, हे सांगणाऱ्या खुणांमध्ये आधी झालेली दुखापत ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. याची कारणं बरीच साधी आहेत. जिथे इजा झाली तिथली ऊती बरी होते, पण अगदी पहिल्यासारखी होत नाही. दुसरं म्हणजे गुडघा दुखत असेल तर आपण नकळत वजन दुसऱ्या पायावर टाकतो, वळताना जरा वेगळे वळतो, आणि जो भार गुडघा उचलायचा तो घोट्याकडे किंवा कमरेकडे जातो. तिसरं कारण मला सगळ्यात क्रूर वाटतं. खेळाडू बरा होत असताना खेळत नसतो, त्यामुळे उरलेल्या शरीराची मार खायची सवय मोडते. मग तो थेट मॅचमध्ये उतरतो आणि समोरचे मात्र महिनोन् महिने धडका खाऊन तयार असतात.

थोडक्यात, 'दर वेळी वेगळीच दुखापत होते, किती दुर्दैव' असं जे वाटतं, त्यातलं सगळं दुर्दैव नसतं. एका दुखापतीचं बिल दुसऱ्या अवयवाच्या नावावर फाडलं जातं.

मग जपून का नाही खेळला?

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर शोधताना लक्षात आलं की प्रश्नच थोडा चुकलाय.

जपून खेळणारा सँडर्स म्हणजे काय? ५ फूट ८ इंचाचा सेफ्टी, जो धडकेच्या आधी जरा वेग कमी करतो. असा खेळाडू एनएफएलमध्ये टिकला असता का? त्याची उंची बघून आधीच लोक शंका घेत होते. त्याला टीममध्ये घेतलं तेच मुळी तो वेग कमी करत नाही म्हणून. ज्या दोनच सीझनमध्ये तो जवळपास पूर्ण खेळला, २००५ आणि २००७, त्या दोन्ही वेळा तो ऑल-प्रो झाला. मधलं काही नव्हतंच. एकतर लीगमधल्या सर्वोत्तम टीममध्ये, नाहीतर दवाखान्यात.

शिवाय पैशांची रचना. एनएफएलचे करार ऐकायला मोठे असतात, पण त्यातली ठरावीक रक्कमच खात्रीची असते. सँडर्सच्या ३.७५ कोटींपैकी साधारण २ कोटी डॉलर खात्रीचे होते. उरलेले टीमनं ठेवलं तरच. टीमला वाटलं की पुरे झालं, तर ती करार मध्येच संपवू शकते. क्रिकेटमध्ये एखादा बोलर सहा महिने बाहेर बसला तरी परतायची दारं बऱ्याचदा उघडी असतात. इथे दर सीझनला नव्या पोरांचा ड्राफ्ट होतो, प्रत्येक टीमच्या पगारावर एकूण मर्यादा असते आणि बाहेर बसलेल्या माणसाचा पगार त्याच मर्यादेतून जातो. म्हणजे जखमी खेळाडू टीमला दोनदा महाग पडतो. तो स्वतः खेळत नाही आणि त्याच्या पैशात दुसरा चांगला खेळाडूही घेता येत नाही.

फॅन्ससाठी या सगळ्याचं एक साप्ताहिक रूप होतं. लीगच्या नियमाप्रमाणे प्रत्येक टीमला दर आठवड्याला जखमींची यादी जाहीर करावी लागते. तेव्हा त्यात चार रकाने असायचे, बहुतेक खेळेल, खेळण्याची शक्यता निम्मी, कठीण दिसतंय आणि बाहेर. इंडियानापोलिसमधल्या लोकांनी तीन वर्षं दर आठवड्याला ही यादी उघडून आधी सँडर्सचं नाव शोधलं.

बाजूला उभा असलेला दुसरा माणूस

या गोष्टीत एक माणूस नेहमी विसरला जातो. अँटवान बेथिया.

२००६ च्या ड्राफ्टमध्ये कोल्ट्सनं त्याला सहाव्या फेरीत घेतलं, २०७ व्या नंबरवर. तोही सेफ्टी, सँडर्सचा मैदानातला जोडीदार. पहिल्याच वर्षी त्याच सुपर बोलमध्ये तो सुरुवातीपासून खेळला. बेथियाला कधी वर्षातला सर्वोत्तम डिफेंडर म्हणून कुणी निवडलं नाही. त्याच्या धडकांच्या क्लिप रात्री २ वाजता कुणी बघत बसत नाही. पण तो १४ सीझन खेळला, त्यातले ८ कोल्ट्सकडे. आणि मॅच? २०० च्या वर.

तिकडे मॅनिंगचं बघा. १९९८ ते २०१० या काळात त्यानं नियमित सीझनमधल्या सलग २०८ मॅच सुरू केल्या, एकही न चुकवता. क्वार्टरबॅकला वाचवायला नियम आहेत, समोर पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. सेफ्टीला असलं काही नसतं, कारण धडकायला जाणारा तोच असतो. तरीही शरीराचा भरवसा कुणालाच नाही. २०११ मध्ये मानेच्या दुखण्यामुळे मॅनिंगनं अख्खा सीझन गमावला आणि मार्च २०१२ मध्ये कोल्ट्सनं त्यालाही सोडलं.

सँडर्सच्या जागी जो खेळायचा त्याचं नाव मेल्विन बुलिट. २००७ मध्ये ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला मुलगा. २००९ मध्ये सँडर्स दोनच मॅच खेळला, बायसेप्स गेला, आणि बुलिटला घेऊन कोल्ट्सनं सीझनच्या पहिल्या १४ च्या १४ मॅच जिंकल्या. टीम सुपर बोलपर्यंत पोचली, तिथे न्यू ऑर्लीन्सकडून हरली. म्हणजे सँडर्सशिवायही टीम उभी राहू शकते हे सिद्ध झालं. टीमच्या मालकांसाठी ही चांगली बातमी होती, सँडर्ससाठी तितकी नाही.

पण पुढचं ऐका. २०१० मध्ये ह्युस्टनला सँडर्सचा हात गेल्यावर ती जागा बुलिटला मिळाली. महिनाभरात बुलिटचा खांदा गेला आणि तोही सीझनला मुकला. दोघांच्या शरीराची ठेवण वेगळी, खेळायची धाटणी वेगळी. जागा मात्र तीच.

फेब्रुवारी २०११ मध्ये कोल्ट्सनं सँडर्सला मोकळं केलं. सॅन डिएगो चार्जर्सनं त्याला संधी दिली. दोन मॅच खेळून झाल्या आणि गुडघ्यानं परत साथ सोडली. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. त्यानंतर तो एनएफएलमध्ये खेळला नाही.

६, १४, ४, १५, ६, २, १, २. त्याचे आठ सीझन हे असे. १२८ पैकी ५०.

तर मग तो मोठा खेळाडू होता की नाही?

अमेरिकन फुटबॉलमध्ये कोच लोकांचं एक लाडकं वाक्य आहे, की खेळाडू मैदानात हजर असणं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. त्या मापानं बघितलं तर बेथिया सँडर्सपेक्षा चारपट मोठा. मला ते माप अर्धंच पटतं. टीम बांधणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, कारण त्याला सप्टेंबर ते जानेवारी दर आठवड्याला ११ माणसं उभी करायची असतात. पण बघणाऱ्याच्या दृष्टीनं नाही. आपण मोठा खेळाडू म्हणतो तेव्हा हजेरीपट बघून म्हणत नाही.

हा वाद फक्त फॅन्सचा नाही. एनएफएलच्या हॉल ऑफ फेमनं याआधी कमी खेळलेल्यांना आत घेतलंय. गेल सेयर्स ६८ मॅच खेळला, गुडघ्यांनी त्याचं करिअर संपवलं, तरी १९७७ मध्ये तो तिथे पोचला. टेरेल डेव्हिस ७८ मॅच खेळला, त्यालाही गुडघ्यानंच संपवलं, आणि २०१७ मध्ये त्याला जागा मिळाली. दोघंही बॉल घेऊन पळणारे. त्यांनी किती यार्ड काढले, किती स्कोअर केले ते मोजून दाखवता येतं. सेफ्टीनं जे होऊ दिलं नाही ते कसं मोजायचं? सँडर्सनं १७३ चे ८३ केले हे दिसतं, पण त्याच्या नावापुढे ते लिहायला रकाना नाही. त्याच्या नावापुढे २००७ च्या सीझनसाठी लिहिलंय ३.५ सॅक आणि २ इंटरसेप्शन. हे आकडे बघून कुणी म्हणणार नाही की हा त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेंडर होता.

आज तो असता तर वेगळ्याच अडचणीत असता. २०१० नंतर लीगनं बेसावध खेळाडूवर जोरात आदळण्याविरुद्ध नियम कडक करत नेले आणि २०१८ पासून हेल्मेट खाली करून धडक मारली की पेनल्टी बसते. सँडर्सच्या ज्या क्लिप आज फिरतात त्यातल्या काहींवर आता पंचांनी पिवळा झेंडा फेकला असता. हे नियम आले ते मेंदूच्या दुखापतींमुळे, आणि आले ते बरंच झालं. आपण मात्र त्या क्लिप बघतोय, लाइक करतोय, मीही करतो. त्यातल्या प्रत्येक क्लिपच्या शेवटी दोन माणसं जमिनीवर पडलेली असतात आणि आपण फक्त एकाकडे बघत असतो.

बाय द वे, ५० मॅचच्या त्या हिशोबात एक गोष्ट धरलेली नाही. तो आकडा फक्त नियमित सीझनचा आहे. प्लेऑफ वेगळे मोजतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी २००७ मधल्या त्या चार मॅच, कॅन्सस सिटीचे ४४ यार्ड, मायामीचा पाऊस, यातलं काहीच त्या ५० मध्ये नाही.